ढोलातली रिकामी जागा

ये, बस. पायताण तिथंच ऱ्हाऊ दे, सतरंजीवर सरक. नानासाहेबांच्या पुण्यतिथीला तू ढोल ऐकून आलास ना? आन् मला इचारतोस, गाणं मधीच गप होतं ते का. ढोल वाजतोय, मानसं डोलतायत, आन् गाणाऱ्याचं तोंडच बंद! बरं केलंस इचारलंस. आजवर लोकांनी आपसात कुजबूज केली, माझ्यापुढं येऊन कुणी इचारलं नाय. तर आज तुला सगळी गोष्ट सांगतो. फकस्त मधी बोलू नको. च्या थंड झाला तर माझ्या नावानं बोंब मारू नको.

गोष्ट बानाबाईची हाय. माझी सासू ती. आता नाय. पण जवा व्हती तवा तिच्या नजरेतनं मुंगी सुटत नसं. मेंढराच्या कळपात एक कोकरू लंगडलं तर बाकीच्यांना सांजेला कळायचं, हिला सकाळीच. तर अशा बाईच्या मनात नवऱ्याबद्दल शक आला तर काय व्हईल, तूच बघ.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन सालं झाली असतील. खुलताबादच्या डोंगरावर आमची धनगराची वाडी, आन् घाटाखाली गाव. गावात नानासाहेब. निजामाच्या रझाकारीत जीव मुठीत धरून फिरलेला मानूस, पोलिस ॲक्शन झाल्यावर तालुक्याचा पुढारी झाला, दोनदा आमदार झाला. दुष्काळात त्यानं डोंगराच्या कुशीत तलाव खणून घेतला. स्वतः पाटी उचलली बरं का, फोटोपुरती नाय. त्या तलावाचं पाणी आमची मेंढरं पेली म्हणून वाचली. वाडीतल्या म्हातार्‍या त्याला नाव घेऊन बोलवायच्या, "नाना, आलास का रं?" आन् तो बी वाकून पाया पडायचा. असा मानूस.

माझा सासरा मल्हारराव. मेंढरं राखायची आन् ओव्या गायच्या, दोनच कामं. गजी ढोल गळ्यात घातला की ह्यो मानूस निराळाच व्हायचा. पण नवी ओवी रचायची म्हटलं की लई मंद. मेंढरामागं चालता चालता एक ओळ जुळवायचा, दुसऱ्या दिवशी ती मोडायचा. एका ओवीला पावसाळा जायचा. ह्ये सगळ्या पंचक्रोशीला ठावं. ह्ये ध्येनात ठेव, पुढं लागणार हाय.

तर त्या साली पिकं निघायच्या आदी बानाबाईच्या ध्येनात एकएक गोष्ट यायला लागली. पहिली म्हंजी, बाजाराच्या दिवशी मल्हारराव मेंढरं तलावाकडं न्यायला लागला. तिकडं चारा नाय, नुसता मुरूम. "तिकडं काय हाय वो?" तिनं इचारलं. "वारा चांगला हाय," म्हणला. वाऱ्यावर मेंढरं जगतात व्हय?

दुसरी, घोंगडीचा कोपरा. ती घोंगडी तिनं स्वतः सूत कातून इणून घेतली व्हती. काळी लोकर, आन् कडंला एका बोडक्या मेंढीच्या लोकरीची तांबूस धार. अशी मेंढी वाडीत एकच. त्या घोंगडीचा कोपरा नाहीसा झाला.

"काट्यात अडकला," मल्हारराव म्हणला.

बानाबाईनं कड बोटानं चाचपून बघितली. काट्यानं फाटलं तर धागं लोंबतात. ह्ये चाकूनं कापलेलं, सरळ.

"काट्याला बी धार आली म्हणा की आता," ती म्हणली. तो हसला नाय. उठून गेला.

तिसरी गोष्ट ढोलाची. धूळ झाडायला तिनं ढोलाला हात लावला तर ह्यो खेकसला. बारा पावसाळं संसार झाला, कदी आवाज चढवला नव्हता. "त्याला हात लावू नको!" म्हणला. तिला वाटलं, बाई हाय कुणीतरी. तलावाकडं येती. घोंगडीचा तुकडा तिला दिला. पुरुषाला वेड लागलं की असंच येडंवाकडं करतो.

म्हणून एका बाजारी ती गुपचूप मागं गेली. तलावाच्या आलीकडं निवडुंगाचं कुंपण व्हतं, त्याआड उभी ऱ्हायली. पलीकडं मातीवर जीपच्या चाकाच्या खुणा. मानूस दिसंना, पण नवऱ्याचा आवाज आला. हळू, नुसत्या गळ्यात. ढोल नाय, काय नाय. तो म्हणत व्हता,

"बहात्तर सालामंदी आभाळानं पाठ केली,
नानानं रं डोंगराची पाण्यानं ओटी भरली…"

बानाबाईला हायसं वाटलं. बाई नाय, गाणं हाय. पण मग पुढची ओळ आली.

"…गेला गेला नाना माझा, वाडीचा ह्यो दिवा गेला."

नानासाहेब तवा धडधाकट! चार दिवस आदी त्यांना तिनं गावात सभेत बोलताना बघितलेलं. जित्या माणसाचं मयताचं गाणं? आमच्यात, बाबा, जित्या माणसाला 'गेला' म्हणणं म्हंजी त्याचा रस्ता मोकळा करून देणं. असं गाणं तोंडात बी घ्यायचं नसतं. ती तशीच मागं फिरली. नवऱ्याला काय बोलली नाय. रोज त्याच्या पुढ्यात भाकरी ठेवायची आन् त्याच्या तोंडाकडं बघायची. काय रांधतोय ह्यो मनात?

त्यानंतर पंधरवडा बी नसंल गेला. एका सकाळी नानासाहेब ओसरीवर बसले व्हते. खोकल्याची उबळ आली, तोंडातनं भळकन् रगत आलं, आन् मानूस गेला.

रगत ओकून मेला म्हटल्यावर लोकांच्या मनात काय येतं ते तुला सांगायला नको.

पण त्या दिवशी तसं कुणी बोललं नाय. त्या दिवशी नुसती रडारड. खुलताबादपासनं करमाडपर्यंतची मानसं लोटली. आमच्या वाडीची रीत अशी, की मोठ्या माणसाची तिरडी उठायच्या आदी ढोल वाजला पायजे. मल्हारराव ढोल घेऊन उतरला. लोकांना वाटलं, नेहमीचं चार ओळींचं म्हणंल. ह्यानं भंडारा उधळला आन् सुंबरान मांडलं, म्हंजी देवाला आठवून ओवी सुरू केली. नानाचा जन्म, त्याचं लहानपण, रझाकारी, तलाव, शेवट. सबंध गाणं. एक शब्द अडखळला नाय. बायाबापड्या ऊर बडवायला लागल्या. कलेक्टर का कोण आला व्हता शहरातनं, तो बी चष्मा काढून डोळं पुसत व्हता.

फकस्त एका जागी, रझाकारीची गोष्ट सांगताना, मल्हारराव गप झाला. ढोल चालू, तोंड बंद. चार ओळींचा ठेका रिकामा गेला. मग पुढं गाणं सुरू. रडण्याच्या भरात कुणाच्या ध्येनात आलं नाय. बानाबाईच्या आलं.

आन् पुंजारामच्या आलं. ह्यो पुंजाराम म्हंजी गावातला हॉटेलवाला. भजी कमी तळायचा आन् बातम्या जास्त. तिसऱ्या दिवशी त्यानं हॉटेलात तोंड उघडलं.

"काय रं, मल्ल्याला एक ओवी करायला पावसाळा लागतो ना?"

"लागतो की."

"मग नाना सकाळी गेले, आन् दुपारी सबंध गाणं कुठनं आलं?"

च्या पिणारा एकजण म्हणला, "आदीच केलं आसंल."

"मी काय म्हणतो मग!" पुंजारामनं फडकं खांद्यावर टाकलं. "आदी कसं केलं? मानूस मरणार ह्ये त्याला कुणी सांगितलं? आन् ते मधीच काय गिळलं त्यानं? काय लपवतोय?"

झालं. आग लागायला तेवढी काडी पुरे व्हती.

तिकडं गाण्यांचा नुसता पूर आला. नानासाहेबांचा पुतण्या बद्रीनाथ शहरात राहायचा, वकिली करायचा, आन् काकाच्या खुर्चीवर डोळा ठेवून व्हता. त्यानं शहरातल्या गुलमंडीवरनं बँडपार्टी आणली. त्यांनी सिनेमाच्या चालीवर नानासाहेबांचं गाणं बसवलं व्हतं. कोरा सदरा घातलेला गायक, तोंडावर पावडर. शाळेच्या गुरुजीनं कविता केली. हातपंपावरच्या बाया आपल्या आपल्या ओळी जोडायला लागल्या. पण शोकसभेत बँडवाला गायला लागला की मागनं लोक ओरडायचे, "अरं मल्हाररावाचं लावा! धनगराचं लावा!" बद्रीनाथचं तोंड कडू व्हायचं. पुंजारामनं त्याच्या कानात काय सांगायचं ते सांगितलं.

एक ध्येनात घे. लोकांना ते गाणं पायजे बी व्हतं आन् त्याची भीती बी वाटत व्हती. दिवसा म्हणायचे, काय गायला रं! आन् मल्हारराव समोरनं आला की पोरांना पदराआड घ्यायचे. ह्यानं आपलं नाव गाण्यात घातलं तर?

आता धनगराचं पोट कशावर चालतं? पिकं निघाली की शेतकरी बोलावतात. आमच्या वावरात मेंढरं बसवा म्हणतात. मेंढरं रातभर वावरात बसली की लेंड्यांचं खत पडतं, वावर सुधारतं, आन् आम्हाला जवारी मिळती. सालाची जवारी तीच. त्या साली पिकं निघाली तरी एक बी बोलावणं आलं नाय. बानाबाई स्वतः गावात गेली. रामकिसन म्हणून कुणबी, ज्याच्या वावरात पिढ्यांपिढ्या आमचीच मेंढरं बसायची, तो दारात उभा ऱ्हाऊन म्हणला,

"औंदा नको, बाना."

"का वो भाऊ? खत नको व्हय?"

"खत पायजे. पण…" तो चपलेनं माती उकरत ऱ्हायला. "लोक म्हणत्यात, मल्हारीनं नानावर मूठ मारली. मग गाणं म्हणला. खरं खोटं देव जाणं. पण माझ्या वावराला काय झालं तर?"

"तुमचं वावर काय रगत ओकणार हाय?" ती फटकारून बोलली. पण घाट चढताना ती मधीच दगडावर बसली. कारण रामकिसनला नुसता वहीम व्हता. हिनं कानांनी ऐकलं व्हतं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला धरलं. "अवो, मी कुंपणाआड उभी व्हते. तुमी नाना जित्ता असताना 'गेला' म्हणलात. कुणी म्हणायला लावलं? जीप कुणाची व्हती? बद्रीनाथनं काय देऊ केलं व्हतं तुमाला?"

मल्हाररावानं दार लोटलं. "कुणाला सांगितलंस?"

"अजून नाय."

"सांगू नको."

"मग मला सांगा!"

त्यानं नुसती मान हलवली. बानाबाईला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. आपलं की ह्याचं, ह्ये ठरंना. वाडीतला म्हातारा आप्पा येऊन सांगून गेला, "पोरी, गावानं ठरवलंय. तेराव्याला मल्हारीला बोलावणार. ढोल घेऊन. कबूल झाला तर डोंगर सोडून जायचं, नाय झाला तर हाकलून काढणार." आप्पाच्या डोळ्यात बी तोच सवाल व्हता.

तेराव्याला दोघं उतरली. वाडीतनं दुसरं कुणी आलं नाय. नानासाहेबांच्या अंगणात पंगती बसायच्या व्हत्या. माणसांची दाटी. बद्रीनाथ ओसरीवर उभा, हातात पितळेचं ताट. ताटात काय तर नानासाहेबांचा कबजा, तेच रोजचं खाकी जाकीट. मयताची कापडं दान करायची म्हणून बाहेर काढली, तर त्याच्या आतल्या खिशात काहीतरी सापडलं व्हतं.

"बघा मंडळी!" बद्रीनाथनं चिमट्यात धरून एक पुरचुंडी वर केली. हातानं धरायची त्याची हिंमत नव्हती. "काळ्या लोकरीत बांधलेली हळद. काकाच्या छातीपाशी! ए मल्हाऱ्या, ह्ये कुणाचं?"

बाया मागं सरकल्या. कुणीतरी म्हणलं, "करणी! करणीच हाय ती!" पुंजाराम मागनं ओरडला, "मी काय म्हणत व्हतो?"

मल्हाररावानं पुरचुंडी बघितली. "माझी हाय," म्हणला. बस. एवढंच.

"ऐका, ऐका! कबूल झाला! सबूत मिळाला! फोडा तो ढोल!" बद्रीनाथ ओरडला.

आन् बानाबाई ती पुरचुंडी बघत ऱ्हायली. काळी लोकर, आन् कडंला बोडक्या मेंढीची तांबूस धार. कापलेला कोपरा. आत घरातली हळद नाय. देवाचा भंडारा.

आता ह्ये तुला समजावून सांगतो, कारण गावाला ते ठावं नव्हतं, आमच्या वाडीलाच ठावं. आमच्या वाडीत मोठी शपथ घ्यायची तर भंडाऱ्यावर घेतात. घोंगडीचा तुकडा कापायचा, त्याचे दोन भाग करायचे, दोन्हीत भंडारा बांधायचा. एक शपथ घालणाऱ्याकडं, एक घेणाऱ्याकडं. शपथ घेतलेल्यानं ती गोष्ट तर सोड, आपण शपथेत हाय एवढं बी तोंडातनं काढायचं नाय. आन् ती सुटती कशी? दोन्ही पुरचुंड्या एका ठिकाणी आल्या तरच. घालणारा मेला, तर त्याची पुरचुंडी त्याच्या बायकोनं आपल्या हातानं, खुशीनं द्यायची. हिसकावून घेतली तर सुटत नाय.

गावाला त्यात करणी दिसली. बानाबाईला त्यात आपला नवरा दिसला. ह्या मुखदुर्बळ माणसानं, मेंढरं उपाशी ऱ्हायली, बायको शक घेऊन बसली, गाव दगड घेऊन उठलं, तरी शपथ सोडली नव्हती. तिला त्याचा इतका राग आला, आन् इतकी माया आली, की ती तशीच ताटापुढं जाऊन उभी ऱ्हायली.

"बद्रीनाथदादा, तो ढोल फोडणार हाय ना तुमी? थोडं थांबा."

मल्हाररावाच्या गळ्यातला ढोल तिनं खाली घेतला. त्याच्या दोऱ्या सैल केल्या. 'हात लावू नको' म्हणून खेकसला व्हता ना तो! कातड्याच्या आन् लाकडाच्या मधल्या खाचेत बोटं घातली, आन् दुसरी पुरचुंडी काढली. तसलीच. काळी, तांबूस धारेची.

"दुसरी बी हाय!" पुंजाराम किंचाळला. "अजून कुणाचा जीव घेणार व्हता?"

"तुझा न्हाई रं बाबा. तुझ्या जिवाला कोण येवढी चांगली लोकर वाया घालवंल?"

दोघंचौघं हसली. आन् त्या हसण्यात बानाबाई ओसरीच्या पायरीपाशी गेली. आत दाराआड आवडाबाई बसल्या व्हत्या, नानासाहेबांच्या बायको. कपाळ मोकळं, डोळं सुकलेलं. बानाबाई पायरीखालीच बसली.

"माय, ती करणी नाय. ती शपथ हाय. नानासाहेबांनी माझ्या मालकाला घातलेली. कसली, मला बी ठावं नाय. तुमच्या हातानं ती पुरचुंडी मला द्या, मंग ते बोलत्याल. नाय द्यायची तर नका देऊ. आमी उद्या डोंगर सोडतो."

"काकू, हात लावू नका त्याला!" बद्रीनाथ पुढं आला.

आवडाबाई उठल्या. लई येळ त्या लोकरीकडं बघत ऱ्हायल्या. बघ, त्यांच्या मनात बी शक असणारच की. नवऱ्याच्या छातीपाशी परक्याच्या घरची लोकर. कुण्या बाईचा जीव थाऱ्यावर ऱ्हाईल? शेवटी त्यांनी ताटातनं ती बोटांनी उचलली. काय झालं नाय. कावळा बी ओरडला नाय.

"बद्री, पंगती बसव. मल्हारी, बाना, आत या. ढोल बी आण."

माजघरात चौघं झाली. ती तिघं, आन् ढोल. दार लोटलं. कोपऱ्यात एक जुनं जातं पडलं व्हतं, वापरात नसलेलं, दगड झिजून वाकडा झालेला. आवडाबाईंनी पुरचुंडी बानाबाईच्या हातावर ठेवली. दोन्ही एका तळहातावर आल्या. मल्हाररावानं भरून श्वास सोडला, डोक्यावरचं ओझं उतरल्यावर हमाल सोडतो तसा.

"बाईसाहेब, त्यांना छातीचा रोग व्हता. शहरात मुकुंदवाडीकडं एक डॉक्टर व्हता, त्याच्याकडं जायचे. त्यानं सांगितलं, पावसाळा निघंल, हिवाळा नाय. येताना तलावावर जीप थांबवायचे. म्हणले, मल्हारी, माझं गाणं कर. मेल्यावर लोक खोटं गातील. मला माझ्या कानांनी ऐकायचंय. खोटं असंल ते काढून टाकीन. आन् रोगाचं, गाण्याचं कुणाला बोलायचं नाय म्हणून शपथ घातली."

"मग?" आवडाबाईंनी इचारलं.

"लई काढून टाकलं वो. मी घातलं व्हतं की नानानं रझाकाराच्या नाक्यावर चाल केली. म्हणले, काढ. मी चाल केली नाय, मी लपलो व्हतो."

आवडाबाई भिंतीला टेकल्या. "मला म्हणायचे, तंबाखूचा खोकला हाय. तुला सांगितलं. मेंढरं राखणाऱ्याला. मला नाय."

"मी बी इचारलं, बाईसाहेब. घरी का सांगत नाय म्हणून. तर म्हणले, तिला सांगितलं तर ती परत जातं घेऊन बसंल."

आवडाबाईंनी तोंडावर पदर दाबला. बानाबाईला काय कळंना. ती एकदा ह्यांच्याकडं, एकदा त्या कोपऱ्यातल्या जात्याकडं बघायला लागली.

"ते त्यांनी तुला सांगितलं?" आवडाबाई म्हणल्या. "ते आमा दोघांशिवाय कुणाला ठावं नाय. सासूला बी नाय."

"गाण्यात घालायला लावलं. मी त्या दिवशी गिळलं. ते गायलो असतो तर तुमी वळखलं असतं की त्यांनीच सांगितलं, आन् शपथ मोडली असती."

"म्हण."

मल्हाररावानं ढोल मांडीवर घेतला, बोटांनीच, हळू. आन् ती चार ओळींची रिकामी जागा भरली.

"दाणं न्हाई दुरडीत, जातं फिरं गरगर,
पेवामंदी धनी तिचा, वर आंथरला पदर,
धनी खोकला आतून, तिनं वाढविला सूर,
दगडाचं पीठ केलं, मरण ठेविलं दूर."

मग बानाबाईला उलगडलं. रझाकार घर झडतीला आले तवा नानासाहेब ह्याच घरात पेवात लपले व्हते. पेव म्हंजी धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. आवडाबाई तवा नवी नवरी. त्यांनी पेवाच्या तोंडावर जातं ओढलं, त्यावर दळायला बसल्या. दळायला दाणा नव्हता. नवऱ्याला आत खोकला सुटला, तशी ह्यांनी रिकामं जातं फिरवलं आन् आवाज चढवून ओव्या म्हणल्या. ते लोक सगळी झडती घेईपर्यंत दगडावर दगड घासत ऱ्हायल्या. जातं कायमचं गेलं. आन् नानासाहेबांनी नंतर किती सभा गाजवल्या, रझाकारीच्या किती गोष्टी सांगितल्या, त्यात ही गोष्ट कदी आली नाय. लाज वाटली असंल. मेल्यावर मात्र ती आली पायजे, असं त्यांना वाटलं.

आवडाबाई रडल्या, तेराव्या दिवशी पहिल्यांदा. रडून झाल्यावर उठल्या, तोंड धुतलं.

"मल्हारी, ह्ये लोकांपुढं म्हणू नको. मी हाय तोवर तरी नाय. त्यांनी ते माझ्यासाठी पाठवलंय, लोकांसाठी नाय. ती जागा रिकामीच वाजव."

"लोक इचारतील, बाईसाहेब. मी काय गिळतोय म्हणून."

"इचारू दे. मी बी रिकामंच दळलं व्हतं. कुणाला कळलं?"

मग त्या बाहेर आल्या. पंगतीतली मानसं हातातला घास तसाच ठेवून बघायला लागली. पुंजाराम अर्धा उठला व्हता.

"काकू, करणी हाय का नाय?" बद्रीनाथनं इचारलं.

"नाय. शपथ हाय."

"कसली?"

"माझी हाय. तुला काय करायची?" आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणल्या, "मल्हारी, खालच्या वावरात मेंढरं आजच बसव. आमच्या वावराला खत पायजे."

झालं. ज्या घरचा मानूस गेला, त्याच घरानं मेंढरं बसवली म्हटल्यावर कोण बोलतो? आठ दिवसांत रामकिसन स्वतः घाट चढून आला, चपलेनं माती उकरत. बानाबाईनं त्याला च्या दिला, पण चांगला ताटकळत ठेवून. नवऱ्याला मात्र तिनं सालभर टोमणं मारलं. "काट्यात अडकला म्हणं! कसला काटा वो, नानासाहेब नावाचा?"

आता आवडाबाई नाहीत, मल्हारराव नाहीत, बानाबाई बी गेली. जायच्या आदी तिनं ह्ये मला सांगितलं. ढोल माझ्या मेव्हण्याच्या गळ्यात हाय. आवडाबाई गेल्यावर तो म्हणला, आता ते चार शब्द म्हणायला हरकत नाय. पण म्हणवेना त्याला. एवढी सालं तो ठेका रिकामा गेला, आता तो रिकामाच बरा वाटतो. लोक मात्र अजून कुजबुजतात. कुणी म्हणतो, नानासाहेबांचं दुसरं लगीन लपवलंय. कुणी म्हणतो, खून लपवलाय. बद्रीनाथचं पोरगं तर म्हणतं, आमच्या विरोधात काहीतरी हाय त्यात.

म्हणून एक मागतो तुझ्याकडं. पुढच्या पुण्यतिथीला तू येशीलच. ढोल त्या जागी आला, गाणाऱ्याचं तोंड बंद झालं, की ते शब्द तुला ठावं हायेत म्हणून ओठ हलवू नको. शेजारचा मानूस कुजबुजला, 'काय गिळलं रं ह्यानं?' तर त्याच्या मांडीवर हात ठेव, आन् त्याला गप कर. तेवढा ठेका त्या बाईला तिचं तिला दळू दे.